रॅकेट चारच, जुनी शटल मात्र पोतंभर

प्रश्न : आमच्या शाळेत पाचवी-सहावीच्या एका तासाला ४८ मुलं असतात. रॅकेट चार, त्यातल्या दोनांची जाळी तुटलेली. एका बॅडमिंटन हॉलमधून वापरून टाकलेली पोतंभर पिसांची शटल मिळाली आहेत. रॅकेटशिवाय त्यांचा काही उपयोग होईल का?
– शारीरिक शिक्षण शिक्षिका, हिंगणा रोड, नागपूर

उत्तर : चांगला उपयोग होईल. ताई, रॅकेट नाही म्हणून काम थांबवू नका. या वयात आधी फेकणं, झेलणं, झुकणं आणि तोल सावरून परत येणं शिकवायचं असतं. त्यासाठी शटल चेंडूपेक्षा सोयीचं आहे. ते पाच ग्रॅमच्या आसपास भरतं, घरंगळत दूर जात नाही, हातावर लागलं तरी दुखत नाही. हवेत त्याचा वेग लगेच मंदावतो, त्यामुळे चेंडूला घाबरून डोळे मिटणारी मुलंही शटलखाली हात नेतात.

आधी पोतं ओतून शटल निवडून घ्या. शटलला १६ पिसं असतात. १२-१३ शाबूत असतील तर ते फेकायला ठेवा, बाकीची जमिनीवर मांडायला. पीस मोडलं की दांडीचं टोक सुईसारखं उभं राहतं. ते कात्रीने बुडापाशी कापाच. तासाला ६० शटल पुरतात : आठ-आठ मुलांच्या सहा रांगा, रांगेला दहा.

पहिली दहा मिनिटं फेक. बूच, म्हणजे शटलचं गोल टोक, अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरायचं. अंग आडवं, फेकणाऱ्या हाताच्या विरुद्ध पाय पुढे, कोपर खांद्याच्या उंचीला. समोर २० फुटांवर फक्कीची रेघ आखा. सुटल्यावर शटल आपोआप वळतं आणि बूच पुढे करून जातं. खरा फायदा इथेच आहे. चेंडू नुसत्या दंडाच्या जोरावरही लांब जातो, शटल जात नाही. कंबर वळली नाही, मनगट शेवटी सुटलं नाही, तर ते दहा-बारा फुटांवर पडतं आणि चूक मुलाला स्वतःला दिसते. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे उजव्या हाताने फेकताना उजवाच पाय पुढे जाणं. तोंडी सांगून ती सुटत नाही. पायापुढे एक आडवी रेघ मारा आणि ‘डाव्या पायाने रेघ ओलांड, मग फेक’ एवढंच सांगा. दुसरी चूक कोपर खाली पाडून शटल ढकलण्याची. अशा मुलाला भिंतीच्या वरच्या भागावर नेम धरायला लावा, कोपर वर येतं. सगळ्यांनी एकाच दिशेला फेकायचं आणि शिट्टी झाल्यावरच गोळा करायला जायचं. हा नियम डोळ्यांसाठी आहे, त्यात सूट नको.

मग लंज, म्हणजे एक पाय लांब पुढे टाकून गुडघ्यात झुकणं, आणि याला सर्वांत जास्त वेळ द्या. चार मीटरचा चौकोन आखा, चार कोपऱ्यांत एकेक शटल पिसांवर उभं करा, बूच वर. मूल मध्यावर. एका कोपऱ्याकडे जायचं, शेवटचं पाऊल लांब टाकायचं, बूच दोन बोटांनी उचलायचं, मध्यावर यायचं आणि मग पुढचा कोपरा. परत येताना तोंड समोरच. उजव्या हाताच्या मुलाचा शेवटचा पाय उजवा. आधी टाच टेकते, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतो, पाठ सरळ. उभं शटल इथे शिक्षकाचं काम करतं : मूल धावत येऊन कंबरेतून वाकलं की हात लागून ते पडतं. पडलं तर पुन्हा उभं करून मध्यावरून सुरुवात. गुडघा आत वळत असेल तर चौकोन तीन मीटरचा करा. अंतर झेपत नाही म्हणूनच तो वळतो. एका मुलाने दोन फेऱ्यांनंतर थांबावं. थकलेल्या पायांनी चुकीचंच वळण लागतं. शेणामातीच्या किंवा मुरमाच्या मैदानावर आधी खडे झाडून घ्या, नाहीतर टाच सरकते.

डावखुऱ्या मुलांचा पाय बदलू नका, त्यांचा शेवटचा पाय डावाच. आपल्या नागपूरची बॅडमिंटनपटू मालविका बनसोड डावखुरीच आहे, हे त्यांना जरूर सांगा.

उरलेल्या वेळात रांगांची शर्यत : दहा मीटरवर घमेलं, एकेक शटल नेऊन त्यात ठेवायचं. वरून टाकलेलं मोजायचं नाही. ठेवायचं म्हटलं की मूल वेग आवरून झुकतं. वारा असेल त्या दिवशी फेक व्हरांड्यात घ्या, मैदानात फक्त लंज आणि शर्यत.

प्रश्न : एप्रिलमध्ये आमच्या हॉलवर पिसांची शटल दोन रॅलीत तुटतात आणि कोर्टाबाहेरही जातात. माल खराब असतो का?
– एक पालक, मानेवाडा

उत्तर : दर वेळी मालाला दोष देता येणार नाही. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात पिसं वाळून ठिसूळ होतात. आदल्या रात्री डबीची दोन्ही झाकणं काढून पिसांच्या बाजूने दहा-पंधरा सेकंद वाफ द्या, बुचाला वाफ लागू देऊ नका, मग झाकणं लावून ठेवा. लांब जाण्याचं कारण वेगळं : तापलेली हवा विरळ असते, अडवते कमी. डबीवरचा वेगाचा अंक जितका लहान तितकं शटल हळू, म्हणून उन्हाळ्यात हिवाळ्यापेक्षा एक अंक खालचं घ्या. मागच्या रेघेवरून खालून पूर्ण जोराने मारलेलं शटल समोरच्या मागच्या रेघेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडलं, तर वेग बरोबर.

प्रश्न : ‘शटल रन’ आणि ‘शटलकॉक’ यांचा काही संबंध आहे का? चाचणीत लाकडी ठोकळ्याऐवजी शटल चालेल?
– बी.पी.एड.चा विद्यार्थी, कामठी

उत्तर : दोन्ही नावं विणकराच्या धोट्यावरून (इंग्रजीत ‘शटल’) आली. इतवारी-महाल भागात हातमाग पाहिला असेल, तर धोट्याची ये-जा आठवेल. शटल रन म्हणजे दोन रेघांमध्ये ये-जा करत धावण्याची चाचणी. तिच्यात रेघा ३० फूट अंतरावर असतात आणि समोरच्या रेघेमागे ठोकळे दोन, प्रत्येकी २ × २ × ४ इंचांचे. पहिला आणून सुरुवातीच्या रेघेमागे ठेवायचा, फेकायचा नाही. दुसरा हातात घेऊन रेघ पार करायची. सरावाला शटल खुशाल वापरा. नोंद घ्यायच्या दिवशी मात्र ठोकळेच हवेत. शटल वाऱ्याने हलतं, पकडही वेगळी लागते, आणि मग त्या वेळेची तुलना कोणाशीच करता येत नाही.