२०१० ची होंडा सिटी आय-व्हीटेक घेऊ का? घरात चार माणसं, रोजचं अंतर थोडं.

घ्या, पण गाडीआधी आरसी बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे २०१० च्या गाडीची मुदत संपलेली आहे. आरटीओत फिटनेस करून पाच वर्षं वाढवून मिळते, महाराष्ट्रात वर पर्यावरण कर भरावा लागतो. हे काम विकणाऱ्याकडूनच करून घ्या, मगच पैसे द्या.

आमच्याकडे हेच मॉडेल आहे आणि माझा त्यावर फार जीव आहे. १४९७ सीसीचं पेट्रोल इंजिन, आतले व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला रबरी टायमिंग बेल्ट नाही, लोखंडी चेन आहे, त्यामुळे बेल्ट बदलायचा खर्चच नाही. मात्र टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट नीट करून घेणं, विसरू नका. सकाळी थंड इंजिन चालू केलं की शिवणयंत्रासारखा टिकटिक आवाज येतो का, कान देऊन ऐका. बऱ्याचदा सेटिंग केलं की तो जातो. गाडी बघायला म्हणूनच सकाळी जा, आणि बॉनेटला हात लावून पाहा. गरम लागलं तर मालकाने आधीच चालू करून ठेवली आहे, दुसऱ्या दिवशी परत जा.

खालून गंज, सस्पेन्शनचे बुश (जोडांमधली रबरं), रबरी पेट्रोल पाईप हे ओळखीच्या मेकॅनिककडून तपासा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुन्या रबराला ते मानवत नाही. गाडी बुटकी आहे, पाच जण बसले की उंच स्पीडब्रेकरला पोट घासतं. तिथे तिरकी काढा.