वाचकांचे प्रश्न : स्वस्तातली जुनी लष्करी रायफल घेताना आणि पहिल्यांदा चालवताना

प्रश्न : मला रायफलचा रीतसर परवाना मिळाला आहे. नवी रायफल आवाक्याबाहेरची असल्यामुळे लष्कराने काढून टाकलेली मोसिन-नागां ९१/३० ही जुनी रशियन रायफल घ्यावी असा विचार आहे. विक्रेत्याकडे दोन नग आहेत. एकाचा दस्ता चकचकीत असून त्याच्या सर्व भागांवरचे क्रमांक एकमेकांशी जुळतात. दुसऱ्याच्या दस्त्यावर पोचे आहेत आणि क्रमांकही वेगवेगळे आहेत, पण त्याची नळी आतून स्वच्छ दिसते. कोणती घ्यावी, आणि पहिली गोळी झाडण्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर : आपल्याला ती चालवायची असेल, केवळ संग्रहात ठेवायची नसेल, तर तूर्त कल दुसऱ्या रायफलकडे ठेवावा, मात्र खाली सांगितलेल्या तपासण्यांत ती उतरली तरच पैसे द्यावेत.

चकाकी आणि जुळणारे क्रमांक यांना आपण फार वजन देऊ नये, कारण या रायफलींच्या बाबतीत त्या दोन्ही गोष्टी बहुधा नंतर चढवलेल्या असतात. १८९१ साली स्वीकारलेल्या मूळ नमुन्यात सुधारणा करून १९३० साली ९१/३० हा प्रकार आला आणि रशियातील तुला व इझेव्स्क या शहरांतील कारखान्यांतून तो प्रचंड संख्येने बाहेर पडला. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांनी या रायफली गोळा करून दुरुस्त केल्या, सुटे भाग एकीचे दुसरीला लावले, जुने क्रमांक खोडून नळीवरचा क्रमांक बोल्टवर (नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यावर) आणि मॅगझिनच्या (काडतुसांच्या पेटीच्या) तळपट्टीवर पुन्हा उमटवला, दस्त्यांवर लाखेचा हात दिला आणि सर्वांगाला घट्ट ग्रीस फासून त्या कोठारात ठेवल्या. नळीच्या मागच्या भागावर चौकोन आणि त्यातून गेलेली तिरपी रेघ असा ठसा दिसला, तर ती रायफल अशा दुरुस्तीतून गेली आहे असे समजावे. यात वाईट काही नाही. उलट कित्येक चांगल्या नळ्या या दुरुस्तीमुळेच टिकल्या. परंतु बोल्ट आणि नळी जन्मापासून एकत्र आहेत, याची खात्री केवळ सारख्या क्रमांकांवरून मिळत नाही.

म्हणून पहिली आणि सर्वांत महत्त्वाची तपासणी हेडस्पेसची. ७.६२×५४आर हे काडतूस कडेचे आहे, म्हणजे त्याच्या पुंगळीच्या (धातूच्या कवचाच्या) बुडाला बाहेर आलेली कड असते आणि ती नळीच्या मागील तोंडाशी असलेल्या बैठकीवर टेकते. त्या बैठकीपासून बंद बोल्टच्या तोंडापर्यंतचे अंतर म्हणजे हेडस्पेस. हे अंतर वाजवीपेक्षा जास्त असेल तर बार उडताना पुंगळीचा पुढचा भाग दाबाने चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटतो, बूड मात्र मागे ढकलले जाते, आणि मधला पत्रा ताणून तुटू शकतो. तसे झाले की तप्त वायू मागच्या बाजूने, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याच्या दिशेने, वाट काढतात. ही तपासणी डोळ्यांनी होत नाही. तिच्यासाठी ‘गो’, ‘नो-गो’ आणि ‘फील्ड’ असे तीन गेज, म्हणजे चढत्या मापाचे तपासणीचे ठोकळे, असतात. बोल्टमधून फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आदळणारी सुई) आणि स्प्रिंग काढून, एकेक गेज चेंबरमध्ये ठेवून, जोर न लावता, हलक्या हाताने बोल्ट फिरवावा. ‘गो’ गेजवर तो बंद झालाच पाहिजे आणि ‘फील्ड’ गेजवर बंद होता कामा नये. ‘नो-गो’वर बंद होऊन ‘फील्ड’वर अडला, तर त्या रायफलबद्दलचा निर्णय जाणत्या गनस्मिथनेच (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिरानेच) द्यावा. मोसिनच्या बोल्टचे डोके हा वेगळा सुटा भाग असल्यामुळे तो बदलून काही वेळा दोष दूर करता येतो. ली-एनफिल्ड नंबर ४ रायफलीत तर याच कामासाठी ० ते ३ अशा क्रमांकांची बोल्टची डोकी मिळत असत. गेज विकत घेणे जमत नसेल तर गनस्मिथकडून तपासणी करून घ्यावी. रायफल स्वस्त पडली म्हणून वाचलेल्या पैशांचा पहिला वाटा याच कामाचा आहे, असे मी आग्रहाने सांगेन.

त्यानंतर नळी पाहावी. बोल्ट काढून मागून प्रकाश टाकावा आणि दोन्ही टोकांकडून पाहावे. नळी काळी दिसली म्हणून लगेच नाकारू नये, कारण ग्रीस आणि जुनी काजळी निघाल्यावर गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा धारदार असल्याचे पुष्कळदा आढळते. खाचांच्या तळाशी असलेले थोडे खड्डे चालवून घेता येतात, पण खाचांमधल्या उंचवट्यांच्या कडा गोलसर झाल्या असतील तर गोळीला नीट फिरकी मिळणार नाही. नळीत कोठे अंगठीसारखी गोल सावली दिसली, तर मात्र रायफल तेथेच परत करावी. नळीत काही अडकलेले असताना पूर्वी कधी तरी बार झाल्याची आणि त्या जागी नळी फुगल्याची ती खूण असते.

नळीच्या तोंडाची झीज पाहण्यासाठी सुटी गोळी किंवा दारू नसलेले नकली काडतूस टोकाकडून आत घालून पाहण्याची पद्धत आहे. पुंगळीच्या तोंडापर्यंत गोळी सहज आत गेली, तर झीज बरीच आहे असे मानतात. येथे एक फसगत होते. शस्त्रागारांनी झिजलेल्या कित्येक नळ्यांची तोंडे आतून थोड्या अंतरापर्यंत मोठी करून, त्यापलीकडच्या, आतल्या चांगल्या खाचांपासून नळीला नवी सुरुवात दिली आहे. अशा नळीत गोळी पूर्ण आत जाणारच, आणि तरीही ती रायफल उत्तम नेम देऊ शकते. तेव्हा आधी नळीच्या तोंडातून आत वाकून पाहावे आणि खाचा कोठून सुरू होतात ते ठरवावे.

फायरिंग पिनचे टोक बोल्टच्या तोंडातून किती बाहेर येते, हेही मोजावे. रायफलबरोबर मिळणाऱ्या सैनिकी अवजाराच्या पट्टीवर ७५ आणि ९५ असे आकडे घातलेल्या दोन खाचा असतात. ते इंचाचे हजारावे भाग होत. टोकाची लांबी या दोहोंच्या मध्ये बसावी. ते अधिक लांब असेल तर प्राइमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टिकली) फुटून वायू मागे येतो, आखूड असेल तर बार चुकतो. शेवटी रिकाम्या रायफलचा घोडा चढवून दस्त्याचे बूड रबरी चटईवर आपटावे. घोडा आपोआप सुटला तर ती रायफल दुरुस्त झाल्याखेरीज वापरू नये. दस्त्याच्या मुठीपाशी आणि लोखंडी बैठकीच्या मागे लाकडाला तडा गेलेला नाही ना, तेवढे पाहून घ्यावे. पोच्यांची काळजी करू नये.

पहिल्या गोळीबारात नेमाची परीक्षा नसते. परीक्षा रायफलची असते, आणि त्या दिवशी लक्ष्यपत्रिकेपेक्षा रिकाम्या पुंगळ्यांकडे अधिक पाहावे. चेंबरमधले ग्रीस पूर्ण काढलेले असावे, नळीतले तेल पुसलेले असावे आणि काडतुसे प्रतिष्ठित उत्पादकाची, नवी असावीत. डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर संरक्षण हवेच. रेंजच्या (गोळीबाराच्या सरावाच्या मैदानाच्या) अधिकाऱ्याची परवानगी घेऊन रायफल टेबलावरच्या भक्कम आधारात बांधावी, चापाला दोरी लावावी आणि आडोशामागून पहिले काही बार करावेत. प्रत्येक वेळी एकच काडतूस भरावे. पुंगळी बाहेर आली की तिच्या बुडाजवळ चमकदार वळे दिसते का, पत्र्याला चीर गेली आहे का, प्राइमर बाहेर सरकला किंवा भोसकला गेला आहे का, हे भिंगाखाली पाहावे. यांपैकी काहीही दिसले तर तेथेच थांबावे. सर्व ठीक असेल तर रायफल खांद्याला लावून एकेक, मग दोन, आणि शेवटी मॅगझिनमध्ये पाच काडतुसे भरून पाहावीत.

चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी लक्ष्याच्या दिशेने धरून किमान ३० सेकंद थांबावे आणि मगच बोल्ट उघडावा. बार झाला पण आवाज आणि धक्का नेहमीपेक्षा क्षीण वाटला, तर पुढचे काडतूस मुळीच भरू नये. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. नळी आरपार मोकळी असल्याचे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रश्न : रायफलबरोबर विक्रेता जुन्या लष्करी काडतुसांचा सीलबंद डबा स्वस्तात देत आहे. ती वापरावीत का?

उत्तर : चाचणीसाठी नको, पुढे सरावासाठी चालतील, पण साफसफाईचा नियम पाळण्याची तयारी असेल तरच. अशा काडतुसांच्या प्राइमरमध्ये बहुधा पोटॅशियम क्लोरेट असते. बार झाल्यावर त्याचे पोटॅशियम क्लोराइड होते, आणि हा क्षार मिठाप्रमाणे हवेतला ओलावा ओढून घेऊन नळीला गंज आणतो. तेलाने तो विरघळत नाही. केवळ तेलाचे बोळे फिरवून रायफल ठेवून दिली तर तेलाच्या थराखाली गंज चालूच राहतो. क्षार पाण्यात विरघळतो, म्हणून त्याच दिवशी नळीतून गरम पाणी घालावे, बोल्टचे तोंड आणि फायरिंग पिनही पाण्याने पुसावी, सर्व पूर्ण कोरडे करावे आणि त्यानंतरच तेल लावावे.

डबा घेण्यापूर्वी गोळीला लोहचुंबक लावून पाहावा. तो चिकटला तर गोळीत पोलादी गाभा किंवा वेष्टन आहे, आणि पुष्कळ रेंजवर अशा गोळ्यांना मनाई असते. शिवाय डब्यावरचा केवळ ‘७.६२’ हा आकडा वाचून समाधान मानू नये. ७.६२×३९, ७.६२×५१ आणि ७.६२×५४आर ही तीन अगदी वेगळी काडतुसे आहेत. जर्मन ७.९२ मिलिमीटरच्या बाबतीत हा घोटाळा अधिक घातक आहे: १८८८ च्या नमुन्याची गोळी ०.३१८ इंच व्यासाची होती आणि १९०५ नंतरची ०.३२३ इंचाची आहे, त्यामुळे नवे काडतूस न बदललेल्या जुन्या नळीत घालणे जिवावर बेतू शकते.

प्रश्न : चाचणी नीट पार पडली, परंतु दहा-बारा गोळ्यांनंतर बोल्ट इतका घट्ट होतो की तळहाताने ठोकावा लागतो. शिवाय १०० मीटरवर सगळ्या गोळ्या लक्ष्याच्या वर लागतात. रायफल सदोष आहे का?

उत्तर : पुंगळ्यांवर दाबाची किंवा ताणाची कोणतीही खूण नसेल, तर बहुतेक वेळा दोष चेंबरमध्ये राहिलेल्या ग्रीसचा असतो. नळी तापली की ते मऊ होते आणि पुंगळीला धरून ठेवते. नळीचा ब्रश येथे अपुरा पडतो, कारण चेंबर नळीपेक्षा रुंद आहे. त्याच्या मापाचा पितळी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून चेंबरात फिरवावा आणि पांढरे फडके स्वच्छ निघेपर्यंत पुसावे. एवढे करूनही बोल्ट अडत असेल तर चेंबरला खड्डे आहेत का ते गनस्मिथकडून पाहून घ्यावे. बोल्ट हातोडीने ठोकू नये.

गोळ्या वर लागण्यात नवल नाही. ९१/३० ही संगीन लावलेल्या अवस्थेत नेमाला लावली जात असे, आणि संगिनीचे वजन नळीच्या टोकावरून काढले की गोळी लागण्याची जागा बदलते. मागच्या साइटची (नेम धरण्याच्या खाचेची) पट्टी सर्वांत खालच्या खुणेवर आहे याची खात्री करूनही गोळ्या वरच लागत असतील, तर पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरण्याची काडी, उंच करावी लागेल. माशीच्या काडीवर घट्ट बसणारी बारीक रबरी नळी चढवून तिची उंची थोडी थोडी कापत जाणे, हा मूळ भागाला धक्का न लावणारा उपाय आहे. गोळ्या डावीकडे किंवा उजवीकडे जात असतील तर माशी सरकवावी, मात्र गोळ्या ज्या बाजूला लागतात त्याच बाजूला. म्हणजे डावीकडे जात असतील तर माशी डावीकडे. सरकवण्यापूर्वी नळीवर आणि माशीच्या बैठकीवर जुळणारी बारीक रेघ मारून ठेवावी, म्हणजे गरज पडल्यास ती मूळ जागी आणता येईल.