फिरता नमुनाधारक बनवताना अक्षाकडे आधी पाहावे

लेसरच्या झोतात नमुना हव्या त्या कोनात फिरवणाऱ्या धारकाचा तुमचा आराखडा पाहिला; त्यात मोटरच्या निवडीचा बराच विचार दिसतो. परंतु माझ्या अनुभवाप्रमाणे खरी अडचण मोटरमध्ये नसून अक्षात, म्हणजे धारक ज्या मध्यरेषेभोवती फिरतो तिच्यात असते. १.८ अंशांची स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर) एका फेरीत २०० पावले टाकते आणि तिला ९०:१ चा वर्म गिअर (मळसूत्रासारख्या दांड्याने दातेरी चाक हळू फिरवणारी जोडी) जोडल्यास प्रत्येक पाऊल ०.०२ अंशाचे होते, मात्र दात्यांमधील ढिलाई त्याहून मोठी असू शकते, म्हणून हव्या त्या कोनावर नेहमी एकाच दिशेने यावे.

धारकाची चकती ठाण्यात वागळे इस्टेटमधील एखाद्या लेथवाल्याकडून करून घ्यावी आणि मधले भोक व बाहेरचा व्यास एकाच पकडीत कातण्याचा आग्रह धरावा. चकती काढून पुन्हा चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, धरली की केंद्र थोडेतरी सरकते. माझी पहिली चकती अशीच वाया गेली: डायल गेजचा (बारीक हालचाल मोजणाऱ्या मापकाचा) काटा दर फेरीत पाव मिलिमीटर हलत असे आणि लेसरचा ठिपका नमुन्याच्या कडेवरून निसटत असे.

स्टेपर मोटर थांबलेली असतानाही प्रवाह घेते व तापते, आणि ती उष्णता धातूच्या दांड्यातून नमुन्यापर्यंत पोहोचते. वर्म गिअर सहसा स्वतःच जागा धरून ठेवत असल्याने थांबल्यावर प्रवाह कमी करावा. शिवाय दांडा आणि धारक यांच्यामध्ये डेलरिन या उष्णता कमी वाहणाऱ्या प्लॅस्टिकचा तुकडा अवश्य बसवावा.