बोनसचे दीड लाख: गाडी खाली घ्यायची की शॉकअप बदलायचे?

प्रश्न: मी ३१ वर्षांचा, राहणार बेसा, नागपूर. मिहानमधल्या खासगी कंपनीत नोकरी, हातात महिन्याला ८२,००० रुपये. भाडं, गाडीचा हप्ता, आईवडिलांना पाठवतो ते, सगळं धरून खर्च ४८,०००. एसआयपी ८,०००. बचत खात्यात १,१०,०००. गाडी २०१८ ची पोलो जीटी टीएसआय, सेकंडहँड घेतलेली, ६२,००० किमी झालेली. कर्जाचे १३,२०० चे २२ हप्ते बाकी, व्याज ११ टक्के. समृद्धीवर शंभरच्या पुढे गाडी तरंगते आणि चिखलदऱ्याच्या वळणांवर फार कलते. मेकॅनिक म्हणाला, पुढचा डावा शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) तेल सोडतोय. यंदा १,५०,००० बोनस हातात आलाय. तीन कोटेशन आहेत: (१) फक्त लोअरिंग स्प्रिंग, गाडी ४० मिमी खाली, मजुरीसह ३०,०००, (२) ३० मिमी खाली घेणारे स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे आखूड शॉकअप, १,१२,०००, (३) उंची कमीजास्त करता येणारे कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र संच, १,३५,०००. हे कार्डावर १२ हप्त्यांत मिळतील, म्हणजे बोनस तसाच राहील. कोणता पर्याय घ्यावा?

उत्तर: तिन्ही नको. तुम्ही न मागवलेलं चौथं कोटेशन आधी घ्या: मूळ उंचीचे, कंपनीच्या दर्जाचे चार नवे शॉकअप, सोबत सगळे माउंट आणि रबर.

तुम्ही सांगितलेली लक्षणं स्प्रिंगची नाहीत. गाडीचं वजन पेलणं हे स्प्रिंगचं काम आणि दबलेल्या स्प्रिंगची उसळी थोपवणं हे शॉकअपचं. शंभरच्या पुढे तरंगणं म्हणजे ती उसळी थोपवली जात नाही. ६२,००० किमी आपल्या रस्त्यांवर झाले आहेत आणि एकातून तेल येतंय, तेव्हा उरलेले तीनही थकले आहेत असंच धरा. घरी एक तपासणी करा. गाडी उभी असताना टायरच्या पृष्ठभागावर तळहात आडवा ठेवून हळूहळू फिरवा. ठरावीक अंतरानं खोलगट, मग उंच, पुन्हा खोलगट असं लागलं, तर चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारतंय. अलाइनमेंट बिघडली असेल तर झीज वेगळी दिसते: आतली किंवा बाहेरची एकच कड गुळगुळीत होते.

म्हणून या खर्चाचे दोन भाग करतो. शॉकअप बदलणं ही देखभाल आहे. ती हौस असो वा नसो करावीच लागणार आणि गळणारा शॉकअप घेऊन समृद्धीवर १२० नं जाणं धोक्याचं आहे. गाडी खाली घेणं ही हौस. हौसेला माझा विरोध नाही, फक्त तिचे पैसे देखभालीच्या पैशात मिसळू नका.

पहिला पर्याय स्वस्त दिसतो, पण शेवटी तो स्वस्त राहत नाही. लोअरिंग स्प्रिंग आखूड असतात तसे कडकही असतात. समजा ते मूळच्यापेक्षा २५ टक्के कडक आहेत. लागणारं डॅम्पिंग (उसळी थोपवण्याचा जोर) स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे शॉकअपमध्ये साधारण १२ टक्के जास्त जोर हवा. तुमच्याकडे आहेत ते आधीच दमलेले. शिवाय ४० मिमी खाली गेल्यामुळे वरच्या दिशेची चाल तेवढीच कमी होते, शॉकअपचा दांडा कायम खालच्या भागात फिरतो आणि प्रत्येक खड्ड्यात बंप स्टॉपरवर (चाल संपते तिथल्या रबरावर) आपटतो. मग सील फुटतं. नंतर शॉकअप आणि माउंटचे ३४,०००-४०,०००, पुन्हा उघडण्याची मजुरी आणि आतली कड खाल्लेले पुढचे दोन टायर, हे सगळं जोडलं की ३०,००० चं काम ८०,००० च्या घरात जातं.

वळणावर कलण्याबद्दल एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत. पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंगचा एकच खांब आणि खाली चाक धरणारा लोअर आर्म. गाडी खूप खाली घेतली की लोअर आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं आणि पुढचं रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतं. त्यामुळे गाडीला कलवणारी तरफ लांब होते आणि कडक स्प्रिंगनं मिळवलेल्यातला काही भाग तिथेच जातो. गाडी बसकी दिसते, ते खरं. पण २५-३० मिमीहून जास्त खाली घेतल्यावर वळणातला फायदा त्या प्रमाणात वाढत नाही.

आता नागपूरचा रस्ता. या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिमीच्या आसपास. त्यातून ४० गेले, उरले १२५. चार माणसं आणि सामान घेऊन रामटेकला निघालात की आणखी २०-२५ गेले. राहिले १००. इंडियन रोड काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे तो जेमतेम सुटेल. गल्लीतले डांबराचे आखूड, उभट स्पीड ब्रेकर त्या मापाचे नसतात. सिमेंट रोडवरून बाजूच्या पेव्हरवर उतरताना जी पायरी लागते ती, सोसायटीच्या बेसमेंटचा उतार, पावसाळ्यात नरेंद्रनगरच्या पुलाखाली साचणारं पाणी, हे तुमचं रोजचं आहे. बेसा ते मिहान रोज करणाऱ्या गाडीला ४० मिमी परवडत नाही.

कॉइलओव्हरचं लवकर सांगतो. ट्रॅकवर जाणाऱ्यासाठी ती उत्तम वस्तू आहे. पण आपल्याकडचे मोठे ट्रॅक ग्रेटर नोएडा, चेन्नई, कोइम्बतूरला. इथे तुम्ही उंची एकदा लावाल आणि विसराल. मग दोन पावसाळ्यांत आट्यांत चिखल बसतो, गंज धरतो, उंची बदलणारी कॉलर फिरत नाही. आटे वेळोवेळी धुऊन ग्रीस लावणारा असेल त्यानंच घ्यावं.

आणि तो कार्डाचा हप्ता. व्याज १६ टक्के धरलं, तर १,३५,००० वर १२ हप्ते साधारण १२,२५० चे. एकूण जवळपास १,४७,०००. व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा, म्हणजे आणखी २,१५० च्या आसपास, वर प्रोसेसिंग फी. किमतीवर १४,००० जादा. दुकानदार ‘नो कॉस्ट’ म्हणाला तरी व्याजाइतकी सूट किमतीत दाखवलेली असते आणि व्याजावरचा जीएसटी तुमच्याच कार्डावर येतो. रोख दिल्यास किती कमी कराल, हे आधी विचारा.

कायदा आणि विमा या दोन्हींचा भाग तुमच्या प्रश्नात नाही, पण पैशाच्या दृष्टीनं हीच सगळ्यांत मोठी जोखीम आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील उत्पादकानं मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कलम कडक अर्थानंच वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. मूळ उंचीचा, त्याच दर्जाचा शॉकअप ही दुरुस्ती झाली, तिथे प्रश्न येत नाही. गाडी खाली घेतली की येतो. दंडाची रक्कम त्या मानानं लहान आहे. पण अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरनं न कळवलेला बदल नोंदवला, तर लाखोंचा ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) दावा अडू शकतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरीचं पाणी वस्त्यांत शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या, ते नागपुरात सगळ्यांनी पाहिलं. अशा वेळी विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळू नये.

पैशांची वाटणी. तुमच्याच आकड्यांनुसार महिन्याला २६,००० उरायला हवेत आणि खात्यात १,१०,००० च आहेत. म्हणजे काही खर्च यादीत आलेले नाहीत. गेल्या तीन महिन्यांचं बँक आणि कार्डाचं स्टेटमेंट घेऊन ते शोधा, कारण आणीबाणीचा निधी खऱ्या खर्चावर ठरतो. तूर्त ४८,००० धरून तीन महिन्यांचे १,४४,००० हवेत. बोनसमधून ३४,००० तिकडे टाका. ४०,००० शॉकअपच्या कामाला. उरलेले ७६,००० कर्जात भरा आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घ्या. जवळपास सात हप्ते कमी होतात, व्याज सुमारे १४,००० वाचतं. भागशः परतफेडीवर शुल्क किती, ते आधी कर्जाच्या कागदात बघा.

४०,००० मध्ये काय यायला हवं, ते कोटेशनवर नावानिशी लिहून घ्या: चार शॉकअप, पुढचे दोन स्ट्रट माउंट आणि त्यांचे बेअरिंग, मागचे वरचे माउंट, चार बंप स्टॉपर, डस्ट कव्हर, दोन लिंक रॉड, नवे नट-बोल्ट, मजुरी, अलाइनमेंट. लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर) फाटले असतील तर तेही याच वेळी, म्हणजे दुसऱ्यांदा उघडण्याची मजुरी वाचते. जीएसटी क्रमांक असलेलं बिल घ्या, नाहीतर वॉरंटी मिळणार नाही. डब्यावरचा पार्ट नंबर तुमच्या गाडीच्या चेसिस नंबरवरून तपासून घ्या. पेट्रोल आणि डिझेल पोलोचे पुढचे शॉकअप एकच असतील असं धरू नका.

काम चालू असताना तिथे थांबा. वरचा नट इम्पॅक्ट गनने (नट झपाट्यानं फिरवणाऱ्या यंत्रानं) कसला की दांडा आत गरगर फिरतो, म्हणून दांडा ॲलन कीनं धरून नट हातानं कसायला सांगा. दांडा पकडीनं धरू देऊ नका. एक ओरखडा पडला तरी सील कापलं जातं आणि नवा शॉकअप काही महिन्यांत गळतो. लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे बुशचे बोल्ट सोडले असतील, तर ते गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे कसायचे. हवेत लटकत्या स्थितीत कसले, तर गाडी खाली येताच बुश पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. लिफ्टवरून उतरवायची घाई असते, म्हणून हे नेमकं राहून जातं. अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा प्रिंट घ्या. १,००० किमी झाले की पुन्हा तपासा. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा भाग) आहे, तिथे टो-कॅम्बर (चाकांचे कोन) जुळवायची सोय नाही. मागचे आकडे हद्दीबाहेर आले, तर बीम किंवा हब वाकलं आहे का, ते पाहायला लावा.

हे झाल्यावर निदान एक पावसाळा गाडी चालवा. त्यानंतरही वळणात कलणं खटकलं, तर उंची न बदलता जास्त कडक शॉकअप हा पुढचा टप्पा. बिल्स्टाइनचा बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी आणि बी८ हा खाली घेतलेल्या गाडीसाठीचा आखूड, हा फरक दुकानात नक्की विचारा. आखूड शॉकअपवर मूळ स्प्रिंग चालत नाही आणि मूळ उंचीच्या शॉकअपवर ४० मिमीचा स्प्रिंग टिकत नाही. एवढं करूनही गाडी खाली घ्यायचीच असेल, तर दुसरा पर्याय, ३० मिमीपेक्षा जास्त नाही, रोखीनं, कर्ज फिटल्यावर आणि आरटीओ व विमा कंपनीचं लेखी उत्तर हातात आल्यावरच. मूळ स्प्रिंग त्या वेळी गॅरेजमध्ये सोडू नका, पुढचे कोणते, मागचे कोणते अशी खूण करून घरी आणा. गाडी विकताना गिऱ्हाईक तेच मागेल.