एसीएलच्या, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटच्या, ऑपरेशनला चार महिने झाले, गुडघा अजिबात दुखत नाही. सहाव्या महिन्यात कबड्डी खेळू का?

नका खेळू. दुखायचं थांबलं म्हणजे गुडघा तयार झाला, हे आमच्या कबड्डीच्या सरांचं मत होतं आणि ते साफ चुकीचं आहे.

मी जिल्ह्याच्या संघात चढाई करायचे. डाव्या गुडघ्याचं एसीएल तुटलं, मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूची कंडरा त्या जागी ग्राफ्ट म्हणून बसवून ऑपरेशन झालं आणि पाचव्या महिन्यात निवड चाचणी आली. सर घरी येऊन बाबांना म्हणाले, "पोरगी जिना धडाधड चढतेय, आता कसलं फिजिओ? नुसता बोनस मारून ये म्हणावं." नुसता बोनस! एक पाय रेषेपार, दुसरा हवेत, सगळा भार एकाच गुडघ्यावर आणि लगेच गर्रकन मागे वळायचं. एसीएल बहुतेक वेळा अशाच वळण्यात तुटतं, समोरच्याने हातही लावलेला नसतो. मी बाबांसमोरच नाही म्हटलं. सर चहा न घेता उठले. संघातली जागा गेली, "पोरगी घाबरली" असं गावभर झालं. अजूनही लग्नकार्यात भेटले की ते हाच विषय काढतात.

आत काय चालतं ते बघा. बसवलेल्या ग्राफ्टमधल्या पेशी आधी मरतात, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि हळूहळू त्याचा लिगामेंट होतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तो फार कमकुवत असतो आणि नेमकं तेव्हाच दुखणं कमी झालेलं असतं. नऊ महिन्यांच्या आत खेळायला लागणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच जास्त असतो. ऋषभ पंतचं ऑपरेशन जानेवारी २०२३ मध्ये झालं, सामना खेळला मार्च २०२४ मध्ये. त्याची दुखापत मोठी होती, पण त्याच्या दिमतीला माणसंही तेवढीच होती.

नऊ महिने झाले म्हणूनही उतरू नका. मांडीची ताकद आणि एका पायावरची उडी, दोन्हींत ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के भरला पाहिजे. नुसता मशीनचा शेक देऊन घरी पाठवणारा फिजिओ असेल तर बदला. स्क्वॉट, लेग प्रेस वजन वाढवत करून घेणारा हवा. सरांकडच्या आताच्या मुलींनाही मी हेच सांगते. त्यांना राग येतो, येऊ दे.

आणि हो, मेनिस्कसही (गुडघ्यातली कूर्चेची गादी) शिवला असेल तर वाकण्याचे, वजन घेण्याचे नियम वेगळे असतात. ते ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.