मुलाचं थकलेलं कर्ज आणि सिक्युरिटी क्लिअरन्स

प्रश्न : आम्ही मेरीलँडमध्ये राहतो. मुलगा इथेच जन्मलेला, कॉम्प्युटर इंजिनिअर. मध्यंतरी त्याची नोकरी गेली, आठ महिने घरी होता. तेव्हा दोन क्रेडिट कार्डांवर मिळून १९ हजार डॉलर थकले. एका बँकेने रक्कम ‘चार्ज-ऑफ’ केली, दुसरं प्रकरण वसुली एजन्सीकडे गेलं. वर्षभरापासून तो पुन्हा नोकरीत आहे. आता व्हर्जिनियातल्या एका डिफेन्स कंपनीची ऑफर आली आहे, पण ‘सिक्रेट’ क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय सरकारी माहिती हाताळायची परवानगी, मिळाला तरच. मुलगा म्हणतो, चार्ज-ऑफ झालेलं फॉर्मवर लिहायला नको. माझा भाऊ सांगलीहून पैसे पाठवायला तयार आहे. सगळं एकदम फेडून टाकू का?

उत्तर : ताई, नमस्कार. आधी मुलाच्या डोक्यातला गैरसमज काढा. चार्ज-ऑफ म्हणजे कर्जमाफी नव्हे. बँकेने आपल्या हिशेबात ती रक्कम बुडीत धरली, एवढाच त्याचा अर्थ. देणं तसंच उभं आहे, आणि क्लिअरन्ससाठी भरायच्या एसएफ-८६ या फॉर्मच्या २६व्या विभागात ते स्पष्ट विचारलेलं आहे : गेल्या सात वर्षांत एखादं खातं चार्ज-ऑफ झालं का, वसुलीला गेलं का, १२० दिवसांहून जास्त थकलं का. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास, तर तपास करणारे मागवतातच. तिथे दिसणारी गोष्ट फॉर्मवर नसली, की पैशांचा प्रश्न बाजूला राहून खरेपणाचा सुरू होतो, आणि तो फार जड जातो. जाणूनबुजून खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सरकारला लोकांच्या कार्डांची एवढी पंचाईत कशाला, असं वाटणं साहजिक आहे. सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स घटस्फोट आणि कर्जाने गांजलेला होता. १९८५ मध्ये त्याने ५० हजार डॉलरसाठी सोव्हिएत दूतावासाला माहिती विकली आणि पुढे १९९४ मध्ये पकडला जाईपर्यंत विकतच राहिला. म्हणूनच क्लिअरन्स देताना लावल्या जाणाऱ्या, २०१७ पासून लागू असलेल्या १३ निकषांमध्ये पैशांचे व्यवहार हा स्वतंत्र निकष आहे.

त्यात ‘इतक्या डॉलरच्या वर कर्ज असेल तर नकार’ अशी रेषा कुठेही नाही. कर्ज कशामुळे झालं आणि त्यानंतर माणूस कसा वागला, हे पाहतात. नोकरी जाणं, आजारपण, घटस्फोट ही आवाक्याबाहेरची कारणं मानली जातात. त्यामुळे ते आठ महिने मला फारसे खटकत नाहीत. नंतरचं वर्ष खटकतं. पगार सुरू झाल्यावरही त्याने बँकेला एक फोन केला नसेल, तर अधिकारी नेमकं तिथेच बोट ठेवेल.

म्हणून याच आठवड्यात इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट कंपन्यांचे रिपोर्ट काढा. फुकट मिळतात. चार्ज-ऑफ झालेलं देणं बँकेने दुसऱ्याच कंपनीला विकलंय का, ते त्यात पाहा, नाहीतर पैसे भलत्याच्याच घशात जायचे. मग हप्ते ठरवून घ्या, लेखी. ३०० डॉलर महिना झेपत असेल तर ३००च, पण एकही चुकता कामा नये. अख्खं कर्ज फिटलेलंच हवं असा नियम नाही. झेपेलशी योजना हवी आणि ती पाळल्याचे कागद हवेत. जमत नसेल तर ना-नफा क्रेडिट समुपदेशकाकडे जा. ‘अर्ध्यात मिटवून देतो, आधी फी भरा’ म्हणणाऱ्यांना दारात उभं करू नका. आणि थेट बँकेशी तडजोड झालीच, तर ६०० डॉलर किंवा त्याहून जास्त माफ झाल्यावर १०९९-सी हा माफ कर्जाचा कर-फॉर्म येतो आणि ती रक्कम सहसा उत्पन्नात धरली जाते. तिचा कर थकवून बसलात तर आगीतून फुफाट्यात.

भावाच्या पैशांबद्दल. घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, आणि फिटलेलं कर्ज थकलेल्यापेक्षा केव्हाही बरं. तरीही मी ते घेणार नाही. अर्जाच्या तोंडावर परदेशातून एकरकमी पैसा आला की तो कुठून आला, का आला, मामाचा व्यवसाय काय, हे प्रश्न आलेच. भाचा मामाशी नेहमी बोलत असेल तर परदेशी संपर्क म्हणून त्यांचं नाव फॉर्मवर तसंही लिहावं लागेल. त्यात बिघडत काही नाही, पण गुंता कशाला वाढवायचा? शिवाय मामाने फेडलेल्या कर्जातून मुलाची शिस्त दिसत नाही, ती त्याच्या पगारातल्या हप्त्यांतूनच दिसते. घ्यायचेच असतील तर बँकेमार्फत घ्या आणि ‘ही भेट आहे’ असं भावाकडून लिहून घ्या.

फॉर्मवर शेरा लिहायला जागा असते, ती रिकामी सोडू नये. नोकरी कधी गेली, कधी लागली, हप्ते कधी सुरू झाले, तारखांसकट चार ओळी पुरतात. रडगाणं नको. पुढे क्लिअरन्स का नाकारावा याची कारणं सांगणारं आक्षेपपत्र आलंच तर घाबरून गप्प बसू नका. त्याला साधारण २० दिवसांत लेखी उत्तर द्यायचं असतं आणि सुनावणीही मागता येते.

एक गोष्ट मात्र कंपनीला आत्ताच विचारायला सांगा. थकबाकी असली की तात्पुरता क्लिअरन्स बरेचदा मिळत नाही, आणि अंतिम निकालाला महिने लागू शकतात. तोवर ते जागा राखून ठेवणार का? लेखी ‘हो’ येईपर्यंत त्याने सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नये.