देशावर, म्हमईला, कारखान्याला

प्रिय सई,

फोनवर आजी म्हणाली, "तुझे पणजोबा आधी देशावर होते, मग मुंबईला गेले," आणि लगेच तुझा मेसेज आला, "ते आधी कुठल्या देशात होते?" प्रश्न रास्त आहे. इथे एडमंटनमध्ये वाढलेल्या मुलीला देश म्हणजे पासपोर्टावर असतो तोच. पण कोकणातला माणूस 'देश' म्हणतो तेव्हा त्याला सह्याद्रीच्या पलीकडचा मुलूख म्हणायचा असतो. पुणे, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, सगळा देश. पणजोबा संगमेश्वराकडचे. आंबा घाट चढून ते कोल्हापूरला एका पेढीवर हिशेब लिहायला गेले. आज गाडीने सकाळी निघालं तर जेवायच्या आत पोचतो आपण. तरी घरच्यांच्या लेखी ते देशावर गेले होते.

कुणी 'घाटावर गेले' असंही म्हणत. तिकडच्यांनी कोकणात 'उतरायचं', इकडच्यांनी घाटावर 'चढायचं', हे अजून चालतं. बुलढाण्यात तर एकाच जिल्ह्याचे घाटावरचे तालुके आणि घाटाखालचे तालुके आहेत. मुंबईत मात्र घाटावरून आलेल्याला 'घाटी' म्हणू लागले आणि त्यात हेटाळणी शिरली. तो शब्द तू वापरू नकोस.

देशावर गेलेल्यांतलं सगळ्यांत मोठं नाव बाळाजी विश्वनाथ भट यांचं. श्रीवर्धनचे. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसलं, घर सोडून घाट चढले, कारकुनी करता करता वर आले आणि १७१३ साली शाहू महाराजांचे पेशवे झाले. पुढे त्यांच्या ओळखीपाळखीवर कोकणातली किती घरं पुण्याला आली! गावच्या एकाला नोकरी लागली की चार जण मागून येतात, हे तेव्हापासूनचं.

तिकडे पूर्वेला वऱ्हाडाचं नाव मोठं. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' अशी म्हणच आहे. काळी कसदार जमीन आणि कापूस. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा इकडच्या कापसाचे भाव भडकले आणि खामगाव, अमरावतीच्या बाजारांत पैसा खेळू लागला. आता त्याच भागातून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येतात. म्हण तेवढी राहिली आहे.

आणि मुंबई. जुन्या बायका 'म्हमई' म्हणायच्या. १८५४ साली तिथे पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि पुढची सव्वाशे वर्षं कोकण नि घाट तिथे रिकामा होत गेला. भाताची जमीन टीचभर, तीही बरीचशी खोताच्या हाताखाली. पिकेल त्यात वर्ष निघायचं नाही. परळ, लालबाग, शिवडी, वरळी हा पट्टा गिरणगाव झाला. एकेका गावाची एकेक खोली असे. दिवसपाळीचा माणूस उठून गेला की त्याच जागेवर रातपाळीचा येऊन आडवा व्हायचा. पणजोबा कोल्हापूर सोडून अशाच एका खोलीत आले. घरी मात्र तोपर्यंत मुंबईचं नाव घेणंच थांबलं होतं. "तो कामाला असतो" म्हटलं की मुंबई समजायची. माणूस चाकरमानी झाला की पेन्शनीत निघाला तरी चाकरमानीच.

लहानपणी मी पोस्टमन ओटीवर बसून मनिऑर्डर देताना पाहिलाय. नोटा दोनदा मोजायचा, पणजीचा अंगठा घ्यायचा, आणि फॉर्मच्या खालची चिठोरी फाडून हातात ठेवायचा. तिच्यावर निरोपापुरती दोन बोटं जागा. "पैसे पोचल्याचे कळवणे. म्हशीकडे लक्ष असावे." पणजी ती चिठोरी पुन्हा पुन्हा वाचून घ्यायची, कधी पोस्टमनकडून, कधी माझ्याकडून. १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार बाहेर पडले, बहुतेकांच्या गिरण्या पुन्हा धड सुरू झाल्याच नाहीत, आणि ओटीवरचं ते येणंही विरळ झालं. कोकण रेल्वे १९९८ साली सगळ्या मार्गावर धावू लागली. जन्मभर बोटीचे नि एसटीचे हाल काढलेल्यांचं तोवर जायचं वय सरलं होतं.

सगळेच शहरात जात नाहीत हेही ध्यानात ठेव. बीडकडची माणसं दसरा-दिवाळीनंतर 'कारखान्याला' जातात, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात ऊसतोडीला. कुठल्या साखर कारखान्याला हे कुठल्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली त्यावर ठरतं. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. "आमच्या घरचे दोन कोयते गेलेत" म्हणजे चार माणसं. उसाच्या फडाजवळ कोपी घालून राहायचं, आणि गाळप संपलं, पट्टा पडला, की गाव गाठायचं. एका माणसाचा अर्धा कोयता होतो हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा कसंसंच झालं होतं.

मराठवाड्यात, विशेषतः १९७२ च्या दुष्काळात, लोक नुसते 'जगायला' गेले. शेजारघराला कुलूप दिसलं की विचारायचे, "कुठं गेले?" उत्तर यायचं, "जगायला." गावाचं, दिशेचं, कामाचं, कसलंच नाव नाही. काम मिळेल तिथे.

आपल्याबद्दल विचारशील तर आजीच्या शेजारच्या काकू आपल्याला 'अमेरिकेवाले' म्हणतात. मी एकदा "कॅनडा, काकू" म्हणून पाहिलं. "तेच ते," म्हणाल्या, आणि तिकडे भेंडी मिळते का ते विचारू लागल्या.

तुझी,
आई